खुंटीवरची घुंगरमाळ : कर्जत-खालापूरच्या गोठ्यांतील आठवणींचा इतिहास

१/
गोठ्यातले लाडके जनावर गेले, की त्याची आठवण कोणत्या वस्तूत ठेवायची? पाश्चात्त्य देशांत अशा वेळी लोकरीची लहानशी गाय, मेंढी किंवा घोडा विणून जपण्याची हौस आढळते. रायगडच्या डोंगरपायथ्याला असलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील शेतकऱ्याने, आणि एकूणच मराठी शेतकऱ्याने, हा प्रश्न कसा सोडवला? आजच्या धाग्यात त्याचा मागोवा घेऊ. इनामगावच्या मातीच्या बैलापासून सुरुवात करून बोरघाटातील तांडे, महाडची परिषद आणि जत्रेतला बैलबाजार या वाटेने आपण आजच्या फार्महाऊसच्या भिंतीपर्यंत येणार आहोत.

२/
आधी एका शब्दाविषयी. मराठीतले ‘विणणे’ हे क्रियापद फार ऐसपैस आहे. सुयांवर स्वेटर विणतात, मागावर घोंगडी विणतात, खाट विणतात, सुतळीची जाळीही विणतात. सुयांवरचे लोकरकाम आपल्याकडे ब्रिटिश काळात शाळा आणि मिशन यांच्यामार्फत पसरले. शेतकऱ्याच्या घरी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून जनावरांसाठी विणणे, वळणे, ओवणे चालू होते. मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधायचे मुसके हे त्याचे साधे उदाहरण. काथ्याची किंवा सुतळीची ती जाळी हाताने विणलेली असे, आणि त्या त्या जनावराच्या तोंडाच्या मापाची असे.

३/
सजवलेल्या बैलाकडे एकदा नीट पाहू. नाकात वेसण, तोंडावर म्होरकी, गळ्यात दावे, हाकण्यासाठी कासरा. ही झाली रोजची दोरकामाची सामग्री. सणाच्या दिवशी तिच्यात भर पडे. शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या, कपाळावर गोंड्यांची पट्टी, गळ्यात कवड्यांची आणि घुंगरांची माळ, पाठीवर झूल. गोंडे रंगीत सुताचे किंवा लोकरीचे असत, काही घरी वळलेले, काही जत्रेतून आणलेले. झूल साधी असो वा आरशांची, ती शिवणाऱ्या हाताला त्या बैलाच्या पाठीची रुंदी ठाऊक असावी लागे.

४/
या वस्तू एका हातच्या नव्हत्या. दोर वळण्याचे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे होते. अंबाडी, ताग, घायपात यांच्या तंतूंपासून वेसण, दावी, कासरे तेच तयार करीत. घुंगरांचा चामडी पट्टा चांभाराकडचा, पितळ बाजारातले. लोकर घाटावरून येई : धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सनगरांच्या खड्डामागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली घोंगडी जत्रांमधून कोकणात उतरे. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. तिची घोंगडी सर्वांत मऊ मानली जाई. सणाच्या दिवशी एका बैलाच्या अंगावर जणू अर्धे गाव आणि घाटावरची एक पेठ चढलेली असे.

५/
आता या धाग्याचा मुख्य मुद्दा. आपल्याकडे जनावराची आठवण ते मेल्यानंतर विणली जात नव्हती. ते जिवंत असताना, त्याच्या अंगावर चढवण्यासाठी ती विणली जाई. जनावर गेले किंवा विकले गेले, की गोंडा, माळ, घंटा घरात उरे आणि गोठ्याच्या खुंटीवर जाऊन बसे. ‘स्मृतिचिन्ह’ म्हणून कुणी ती घडवली नव्हती. काळाने तिला ते काम दिले. असे का घडले, आणि दगडात किंवा धातूत या जनावरांची स्मारके का झाली नाहीत, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

६/
जनावराची आकृती घडवणे आपल्याला नवे नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले. एका घराच्या जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या पेटीसोबत शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल सापडला. दोन्ही कच्च्या मातीचे. बैलाच्या पाठीवर आणि मूर्तीच्या अंगावर छिद्रे आहेत. काडी घालून मूर्ती बैलाच्या पाठीवर बसवता येते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी हा बैल घडवला आणि घराच्या पोटात ठेवला.

७/
अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका स्थानिक रहिवाशाला चार भरीव काशाच्या प्रतिमा मिळाल्या : गेंडा, हत्ती, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, त्यावर उभा सारथी. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कारागिरीविषयी नाहीत. इनामगाव आणि दायमाबाद येथील बैल हे ‘बैल’ आहेत, अमुक घरचा तमुक बैल नव्हेत. देवता, वैभव, शक्ती यांचे ते वाहन आहेत. एका विशिष्ट जनावराची आठवण हा प्रकार वेगळा, आणि तो पुरातत्त्वाच्या हाती सहसा लागत नाही.

८/
दगडाकडे वळू. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत. त्यांतील बरेचसे गुरांसाठी झालेल्या लढाईचे आहेत. शत्रू किंवा दरोडेखोर गावची गुरे पळवून नेत, त्यांना अडवताना गावचा कुणी मारला जाई, आणि त्याच्या नावाने दगड उभा राही. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या कप्प्यात लढाई आणि गुरे, मधल्यात अप्सरा वीराला स्वर्गी नेत आहेत, वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. म्हणजे दगड मिळाला तो माणसाला. ज्यांच्यासाठी तो मेला, त्या गुरांच्या वाट्याला त्या दगडाचा सर्वांत खालचा कप्पा आला.

९/
एक ठळक अपवाद सह्याद्रीच्या पलीकडे आहे. जुन्नर तालुक्यातील आळे येथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी कथा आहे, तोच हा रेडा. भावंडांबरोबर परतताना त्याने आळ्याला देह ठेवला, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. आजही भाविक तिथे दर्शनाला जातात. पण ही समाधी त्या रेड्याने पाण्याची पखाल वाहिली म्हणून मिळालेली नाही, त्याच्या मुखी वेद आले म्हणून मिळाली. केवळ ओझे वाहणाऱ्या जनावराला दगड मिळण्याचा प्रघात नव्हता.

१०/
आणि ओझे वाहण्याचा इतिहास पाहायचा तर खालापूर तालुक्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. कोकणातले मीठ वर आणि देशावरचे धान्य, कापूस खाली, अशी ही वाट शतकानुशतके पाठाळ बैलांच्या खुरांनी झिजली. नाना फडणविसांनी खोपोलीत बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचे मंदिर या वाटेवरच्या रहदारीची साक्ष देतात. १८०४ मध्ये वेलस्लीने लष्करासाठी घाटवाट सुधारली, आणि १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात गाडीरस्ता खुला झाला. तोपर्यंत घाटातला बहुतेक माल पाठीवरूनच चढत-उतरत होता.

११/
हे बैल बहुतांशी वंजारी आणि लमाण तांड्यांचे. या तांड्यांतल्या एका खास बैलाचे वर्णन ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लेखनात आले आहे. कंबरलेज या वऱ्हाडातील अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ते नोंदवले, आणि पुढे १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात ते उतरले. त्या बैलाला ‘हाताडिया’ म्हणत. तो बालाजीला वाहिलेला असे आणि त्याच्या पाठीवर कधीही ओझे लादत नसत. लाल रेशमी फिती, किणकिणणारी घुंगरे, पितळी साखळ्या, कवड्यांच्या माळा आणि रेशमी गोंडे यांनी तो मढवलेला असे.

१२/
हाताडिया तांड्याच्या अग्रभागी चाले. दमून तो जिथे बसे, तिथे त्या दिवसाचा तळ पडे. आजारी माणसाला त्याच्या पायाशी नेत, संकटात त्याच्यापुढे नवस बोलत. हे वर्णन वऱ्हाडच्या तांड्यांचे आहे, बोरघाटातले नव्हे. पण त्यातून गोंड्याचा अर्थ उलगडतो. गोंडा हा नुसता दागिना नव्हता. ‘हा बैल इतरांसारखा नाही’ हे सांगणारी ती खूण होती. हजारो सारख्या दिसणाऱ्या जनावरांतून एकाला नाव देण्याचे, वेगळे काढण्याचे काम तो करी. आठवणीची सुरुवात इथून होते, कारण नाव आणि खूण नसलेल्याची आठवण कशी ठेवणार?

१३/
१८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून वर गेला. कर्जत हे घाट चढणाऱ्या गाड्यांचे ठाणे झाले. तांड्यांचा घाटातला व्यापार यानंतर ओसरला. या घाटाची आणखी एक स्मृती जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे : शिंग्रोबाचे देऊळ. गुरे राखणाऱ्या शिंग्रोबा धनगराने इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट दाखवली आणि त्यातच त्याचा जीव गेला, असे लोककथा सांगते. येणारे-जाणारे वाहनचालक आजही तिथे नाणे वाहतात. वीरगळाचेच सूत्र इथेही दिसते. वाट पायांनी पाडणारी गुरे कथेच्या तळाशी राहिली, देऊळ गुराख्याचे झाले.

१४/
आता प्रश्नाची अवघड बाजू. जनावर गोठ्यातच मेले तर पुढे काय होई? ज्या बैलाला पुरणपोळीचा घास भरवला, त्याच्या मृत देहाला शेतकरी हात लावत नसे. गावगाड्याने ते काम महारांवर लादले होते. मेलेले जनावर ओढून गावाबाहेर नेणे हे त्यांचे सक्तीचे कर्तव्य, आणि त्याचे कातडे व मांस हा त्यांचा ‘हक्क’. कातडे कमावण्याचे काम ढोरांकडे, त्याच्या वस्तू करण्याचे चांभारांकडे. म्हणजे घरच्या मंडळींनी अश्रू गाळायचे आणि ज्यांना शिवायचेही नाही अशा माणसांनी देह उचलायचा, अशी ती विभागणी होती. जनावरावरील प्रेमाचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळता येत नाही.

१५/
ही विभागणी नाकारण्याची हाक याच जिल्ह्यातून उठली. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात, बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहनही केले होते, हे त्या मानाने कमी लक्षात राहते. पुढे मेलेली गुरे ओढण्याचे काम नाकारण्याची चळवळ गावोगाव पसरली, आणि त्यासाठी अनेकांनी बहिष्कार व मारहाण सोसली. महार वतनासारखी कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा आहे.

१६/
आठवणीच्या वस्तूंशी याचा संबंध काय? युरोपशी तुलना केली की तो दिसतो. नेपोलियनचा मारेंगो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घोड्याचा सांगाडा लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, आणि त्याच्या एका खुराची तपकिरीची डबी करण्यात आली. मालकाने जनावराच्या देहाचाच तुकडा जपण्याची ही रीत. आपल्याकडे मृत देह विटाळाच्या कल्पनेने घरापासून तोडला होता, त्यामुळे मालकाच्या घरात शिंग, खूर, कातडे यांचे स्मृतिचिन्ह होणे कठीण. उरले ते सूत, लोकर आणि पितळ. माझ्या मते, खुंटीवर घुंगरमाळच का राहिली याचे एक कारण इथे आहे.

१७/
त्यातही एक विसंगती लक्षात घ्या. ती माळ ज्या चामडी पट्ट्यावर ओवलेली असे, ते चामडे कुठल्यातरी आधीच्या जनावराचेच होते. प्रत्येक बैल आपल्या गळ्यात एका निनावी पूर्वजाचे कातडे वागवीत होता. ते सोलणारे, कमावणारे, शिवणारे हातही तितकेच निनावी राहिले. म्हणून घुंगरमाळेकडे पाहताना तिच्यात दोन आठवणी असतात, असे मानायला हरकत नाही : एक घराने जपलेली, बैलाची, दुसरी कुणीच न जपलेली, ती घडवणाऱ्यांची.

१८/
लोकरीच्या बाबतीत मात्र देह आणि आठवण यांची सांगड जिवंतपणीच बसू शकते, कारण मेंढीची लोकर ती जिवंत असताना कातरतात. जगातील पहिली प्रौढ पेशीपासून क्लोन केलेली मेंढी ‘डॉली’ हे प्रसिद्ध उदाहरण. १९९६ मध्ये ती जन्मली, २००३ मध्ये तिचा अंत झाला. तिच्या हयातीतच तिच्या लोकरीचा स्वेटर विणला गेला आणि तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. धनगराच्या खांद्यावरील घोंगडीचे सूत्र हेच. फरक एवढाच, की त्या घोंगडीत अख्ख्या कळपाची लोकर एकत्र होई आणि ती संग्रहालयात न जाता अंगावर झिजून संपे.

१९/
आता बाजाराकडे. बहुतेक बैल गोठ्यात मरत नसत, ते विकले जात. कर्जतला लागून असलेल्या मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला जत्रा भरते, ती बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ साजगाव-ताकई येथे कार्तिकी एकादशीपासून ‘बोंबल्या विठोबा’ची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारावरून विठोबाला हे लाडके नाव पडले. बैलांचा बाजार इथेही भरत आला आहे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यभरातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा या जत्रांचा कणाच काही काळ नाहीसा झाला.

२०/
विक्रीच्या क्षणी एक छोटा विधी घडे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. अनेक गावांत बैल देताना त्याचे दावे देत नसत. माळ, घंटा उतरवून घेत, दावे सोडवून ठेवत आणि नव्या मालकाच्या दोरीवर बैल त्याच्या हवाली करीत. गोठ्याची लक्ष्मी दाव्याबरोबर जाऊ नये, ही त्यामागची भावना. व्यवहार पुरा होई, पैसे कनवटीला लागत आणि माणूस रिकाम्या हाताने न परतता एक रिकामे दावे घेऊन परते. विकलेल्या बैलाचे पुढे काय झाले हे बहुधा कधीच कळत नसे. कळत असे ते एवढेच, की खुंटीवर आणखी एक दावे आले.

२१/
व्यक्तीची आठवण अशी खुंटीवर राही. जातीची, म्हणजे गोधनाची, आठवण दरवर्षी नव्याने घडवली जाई. घाटावर हे काम पोळा किंवा बेंदूर करतो. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ते स्थान दिवाळीच्या पाडव्याला आहे. गुरांना न्हाऊ घालायचे, शिंगे गेरूने रंगवायची, अंगावर ठसे उठवायचे, झेंडूच्या माळा घालायच्या आणि पेटवलेल्या पेंढ्यावरून त्यांना उडवायचे. त्याआधी आश्विन वद्य द्वादशीला एकाच तिथीची दोन रूपे दिसतात. गावात वसुबारस, गाय-वासराची पूजा. डोंगरकुशीतल्या ठाकर व महादेव कोळी वस्त्यांत वाघबारस, गुरे सुखरूप ठेवण्यासाठी वाघोबाला साकडे.

२२/
शिवाय घडवलेली जनावरे आहेतच. पोळ्याला ज्यांच्या घरी बैल नाही ते मातीच्या बैलांची पूजा करतात. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन ‘तान्हा पोळा’ साजरा करतात. तो १८०६ मध्ये दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला, असे परंपरा सांगते. चातुर्मासात बायका दारी गोपद्मे काढतात, म्हणजे गाईच्या पावलांची रांगोळी. पुढे मध्यमवर्गीय घरांत लोकरीने भरलेल्या गाय-वासराच्या तसबिरी आणि मण्यांची तोरणे आली. त्या गाईला बहुधा नाव नव्हते. गोठा मागे सोडून शहरात आलेल्या घराने भिंतीवर टांगलेला तो गोठा होता, असे म्हणता येईल.

२३/
आठवणीचे आणखी एक कोठार आहे, आणि ते आपण रोज उघडतो. आपली भाषा. खर्चाला ‘वेसण घालतो’, गुंडांच्या ‘मुसक्या आवळतो’, एखाद्याला आपल्या ‘दावणीला बांधतो’, जबाबदारीचे ‘जू’ मानेवर घेतो, मोठेपणाची ‘झूल’ पांघरतो, नकोशी गोष्ट ‘गळ्यातले लोढणे’ होते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या’ म्हणताना तर दोन बैलांची नावेच घेतो. मुसके हातात धरून कधीही न पाहिलेली पिढी हे शब्द अचूक वापरते. वस्तू गेली, हात गेले, जनावर गेले, तरी दोरकामाची ही सगळी शब्दावली टिकून राहिली. तिच्यात जनावराच्या बाजूने बोलणारा शब्द मात्र क्वचितच सापडतो. बहुतेक शब्द त्याला आवरण्याचे आहेत, हेही नोंदवायला हवे.

२४/
कर्जत हे भाताचे नाव म्हणूनही प्रसिद्ध आहे. इथल्या कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या ‘कर्जत’ नावाच्या भातजाती कोकणभर लावल्या जातात. त्याच भातखाचरांत चिखलणीला पूर्वी बैल किंवा रेड्यांची जोडी उतरे, आता पॉवर टिलर उतरतो. याबद्दल हळहळ करताना सावध राहावे. भर पावसात गुडघाभर चिखलात नांगर ओढणे जनावरालाही सुखाचे नव्हते आणि नांगरामागच्या माणसालाही. श्रम हलके झाले ते चांगलेच झाले. पण बैल गोठ्यातून गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या वस्तूंची माहितीही निघून चालली आहे. प्रश्न तिचा आहे.

२५/
कोकणच्या पावसात सूत आणि लोकर फार काळ टिकत नाही. बुरशी, कसर, उंदीर यांतून वाचते ते पितळ. ते आता कुठे दिसते? कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर उभ्या राहिलेल्या फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या भिंतींवर. बैलगाडीचे चाक, जू, घंटा, घुंगरमाळ ‘गावाकडचा लूक’ म्हणून विकत घेऊन लावलेली असतात. वस्तू वाचली हे खरे. पण खुंटीवरून खिळ्यावर जाताना तिची कहाणी गळून पडली. कोणत्या बैलाची, कोणत्या घरची, कुणी ओवलेली, हे सांगणारे तिच्याजवळ कुणी उरले नाही. ज्या वस्तूने हजारांतून एकाला वेगळे काढले होते, ती स्वतःच निनावी झाली.

२६/
याला उपाय नाही असे नाही. पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातल्या वस्तू अशा रोजच्या वापरातील चिजा गावोगाव हिंडून आयुष्यभर जमवल्या. त्या संग्रहाला त्यांनी आपल्या बालपणीच वारलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या अर्थाने एक मोठे स्मृतिचिन्हच आहे. सामान्य वस्तू इतिहास बोलू शकतात, फक्त कुणीतरी त्यांना नाव जोडावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याला संग्रहालय उभारायचे नाही. एक वही पुरेशी आहे.

२७/
म्हणून मित्रहो, या धाग्याच्या शेवटी एक विनंती. तुमच्या आजोळी, मामाच्या किंवा काकाच्या घरी खुंटीवर एखादी माळ, घंटा, गोंडा, मुसके किंवा नुसते दावे असेल, तर त्याचे छायाचित्र घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना पाच प्रश्न विचारा. ही वस्तू कोणत्या जनावराची? त्याचे नाव काय होते आणि ते का पडले? ते कुठल्या बाजारातून आले? शेवटी त्याचे काय झाले? आणि ही वस्तू कुणी वळली, ओवली, शिवली? शेवटचा प्रश्न टाळू नका. त्याचे उत्तर बहुधा गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल. तिथपर्यंत चालत जा आणि तेही नाव लिहून घ्या.

२८/
उत्तरे तारखेसह, गावाच्या नावासह नोंदवा. चौथ्या प्रश्नाला कदाचित उत्तर मिळणार नाही, कुणी विषय बदलेल, कुणाचे डोळे भरून येतील. तीही नोंदच आहे. वीरगळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात कोरलेल्या गुरांची नावे आज कुणालाच सांगता येणार नाहीत. ढवळ्याचे, कपिलेचे, हरणीचे नाव अजून घरात कुणाला तरी आठवते आहे. येत्या पाडव्याला गावी गेलात की आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.